गॅस्केट चालायला लागला

गॅस्केटला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कुत्रा एका जुन्या टॉवेलवर आडवा पडून लॉरेटाच्या हातातल्या सँडविचकडे बघत होता. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं, आणि कमरेच्या वर फक्त सँडविच कळत होतं. नदीकाठच्या रस्त्याला एक बंद पडलेलं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या चरात तो सापडला. कुठल्या तरी ट्रकनं उडवलं असणार. गॅरेजमागे सापडला म्हणून गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या जोडात बसवतात ती चकती. नावं ठेवण्यात आमचं डोकं इतपतच चालतं.

कॉर्बिन्स फेरी गावातलं आमचं कुत्र्यांचं शेल्टर म्हणजे काउंटीच्या जुन्या गोदामात थाटलेले बावीस पिंजरे. बर्फात रस्त्यावर टाकायचं मीठ पूर्वी तिथे ठेवत, त्यामुळे पावसाळी हवेत भिंती अजून पाझरतात आणि कुत्री त्या चाटतात. लॉरेटा प्रुइट ते चालवते. मी लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून तिथे अर्ज बघते. कुत्रा कोण नेतंय, घरात माणसं किती, आधीचा कुत्रा कशानं गेला, हे सगळं विचारायचं काम माझं. लॉरेटा म्हणते, "मार्गो, तुझ्यासमोर बसलं की माणसाला परत न केलेलं पुस्तक आठवतं."

डॉक्टर फेनविकनी गॅस्केटचे एक्स-रे काढले, पायाच्या बोटांना चिमटे काढले, आणि मान हलवली. "कणा तुटलेला नाही, पण चांगलाच चेपलाय. चालेल असं मला वाटत नाही. अर्थात माझं वाटणं म्हणजे काही बायबल नव्हे."

शेवटचं वाक्य कुणी मनावर घेतलं नाही.

अशा कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून भागत नाही. त्याला घर लागतं, निदान तात्पुरतं. म्हणून तो आर्डिथ क्रोलकडे गेला. आर्डिथनं एकतीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना वाढलं होतं. आता ती आमची आजारी कुत्री सांभाळायची, बरी झाली की परत द्यायची. सव्वीस कुत्री तिच्या हातून गेली होती आणि एकही तिनं ठेवून घेतलं नव्हतं. "एक ठेवला की पुढच्याची जागा गेली," एवढंच म्हणायची.

डॉक्टरांनी तिला व्यायामाचा कागद दिला. मागचे पाय धरून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. तळव्यांवर दात घासायचा ब्रश फिरवायचा. गोधडीची वळकटी पोटाखाली घालून उभं करायचं. टबात कोमट पाणी. हा कागद डॉक्टर सगळ्यांनाच देतात. लोक तो फ्रिजवर लावतात आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्यावर किराण्याची यादी लावतात. आर्डिथनं तो पाककृतीसारखा पाळला. कागदावर पंधरा म्हणजे पंधरा; चौदाही नाही, सोळाही नाही. शिवाय दर सहा तासांनी पोट दाबून त्याची लघवी काढायची, कारण ते त्याचं त्याला जमत नव्हतं.

महिन्याभरानं एका बाईनं तिच्या गेलेल्या कुत्र्याची चाकाची गाडी आणून दिली. पुढचे पाय कुत्र्याचे, मागे दोन चाकं. गॅस्केटला ती बांधली आणि तो क्षणभर उभा राहिला. तेवढ्यात टपालाची गाडी आली. कुत्र्याच्या आत काय मोडतं आणि काय शाबूत राहतं ते सांगता येत नाही. टपालाच्या गाडीबद्दलचा त्याचा राग शाबूत होता. तो सुटला. वळणावर एक चाक हवेत, लॉरेटाचा कचऱ्याचा डबा आडवा, आणि हा भुंकत पुढे. लॉरेटानं ते फोनवर टिपलं आणि रात्री टाकलं.

रविवारपर्यंत चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं.

त्यानंतर आम्हाला पत्रं यायला लागली. ह्याला पाहून मी पुन्हा गायला लागलो. ह्याला पाहून मी नवऱ्याला माफ केलं. एकीनं लिहिलं, ह्याला पाहून मी नोकरी सोडली. चांगल्या अर्थानं की वाईट, ते कळलं नाही. आणि अर्ज आले. तीनशे बारा. सगळे मी वाचले. 'प्रेरणा' हा शब्द नसलेला एकही नव्हता. मग मी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: ह्याचं पोट दिवसातून चार वेळा हातानं दाबून लघवी काढावी लागते, कराल का? तीनशे बाराचे एक्केचाळीस झाले.

एक्केचाळीसातून नऊ काढले, आणि नवातून व्हिटलॉक नवराबायको. कोलंबसजवळ राहणारे, प्रेस्टन आणि कँडेस. त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. त्यांचा आधीचा कुत्राही मागच्या पायांनी अधू होता आणि त्यांनी त्याला सहा वर्षं सांभाळला होता. घराच्या तिन्ही दारांना त्यांनी उतार बांधून घेतले. कँडेस दोन तास गाडी चालवत आर्डिथकडे आली, बाह्या वर करून गुडघ्यांवर बसली, आणि पहिल्याच दाबाला लघवी काढून दाखवली.

ती गेल्यावर आर्डिथ म्हणाली, "हात चांगला आहे बाईचा."

आर्डिथच्या तोंडून हे म्हणजे पदकच. मी फाइल बंद केली. मार्चमधला शनिवार ठरला. अग्निशमन केंद्रात शेल्टरसाठी पॅनकेकची न्याहारी असते, तिथेच सगळ्यांसमोर कुत्रा सुपूर्द करायचा, टीव्हीवाले येणार, लॉरेटानं फिरोजी रंगाचा नवा कोटसुद्धा घेतला.

त्या आठवड्यात मंगळवारी आर्डिथचा फोन आला. "मार्गो, इकडे ये. आणि लॉरेटाला आत्ताच काही सांगू नकोस."

मी गेले. आर्डिथ स्वयंपाकघरात हातात फडकं घेऊन फ्रिज पुसत होती. बाजूला गॅस्केट उभा होता. गाडी नाही, वळकटी नाही, चार पायांवर. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे एकमेकांत अडकत होते, पण त्याचे होते आणि जमिनीवर होते.

"भिंतीला टेकून उभा राहिला," आर्डिथ म्हणाली. "मग चार पावलं आला. मग माझ्या फ्रिजवर मुतला. स्वतः. कुणी न दाबता."

आणि ती रडायला लागली. बेचाळीस वर्षांच्या ओळखीत मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. रडत होती आणि फ्रिज पुसत होती, आणि गॅस्केट तिच्या चपलेला नाक लावून उभा होता, कारण उभं राहता येत होतं.

लॉरेटाला सांगितलं तेव्हा तिनं आधी मला मिठी मारली, मग डॉक्टरांना फोन करून त्यांच्यावर ओरडली, मग खुर्चीत बसली.

"शनिवारी?" ती म्हणाली.

"शनिवारी काय?"

"अगं, टीव्हीवाल्यांना मी चाकांचा कुत्रा म्हणून सांगितलंय."

"मग पायांचा दाखव," आर्डिथ म्हणाली.

"दाखवूच की. लोकांना आनंदच होईल."

"का नाही होणार?" मी म्हणाले.

"होणारच," लॉरेटा म्हणाली. "आनंदाचीच गोष्ट आहे."

आम्ही तिघी हे जरा जास्तच वेळा म्हणालो. व्हिटलॉकांना तेव्हाच फोन करायला हवा होता. ते काम माझं होतं. पण लॉरेटा म्हणाली, त्यांना तिथेच सुखद धक्का देऊ, आणि मी हो म्हणाले. ती चूक माझीच.

शनिवारी अग्निशमन केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या बाहेर काढून बाकं मांडलेली, तव्यावर पॅनकेक, पाकाचा चिकटपणा सगळीकडे. लॉरेटानं हट्टानं गॅस्केटला चाकाची गाडी बांधायला लावली. "फक्त आत येताना. मग सोडू. एकदम उठाव येईल."

आर्डिथनं पट्टे आवळले, पण तोंडही आवळलं होतं.

गॅस्केट आत आला. पुढचे पाय चालत होते आणि मागचेही चालत होते. चाकं नुसतीच मागून फरफटत होती, वरातीत नको असलेल्या मामांसारखी. कुणाच्या तरी बशीतून सॉसेज पडलं, ते त्यानं पाहिलं, आणि बाकाखाली घुसायला गेला. गाडी बाकात अडकली. तो मागे सरकला, अंग आक्रसलं, पट्ट्यातून कंबर सोडवली, आणि गाडी तिथेच टाकून चार पायांनी सॉसेजपर्यंत गेला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग टाळ्या पडल्या. टीव्हीवरची मुलगी ओरडली, "हे तर त्याहून भारी!" लोक रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या, डॉक्टर फेनविकच्या पाठीवर थापा पडल्या. मी कँडेसकडे बघत होते. ती टाळ्या वाजवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी लायब्ररीत बघत असे: राखून ठेवलेलं पुस्तक घ्यायला आलेल्या माणसाला ते सापडत नाही असं सांगितल्यावर.

बाहेर गाड्या लावतात तिथे तिनं मला गाठलं. प्रेस्टन मागे उभा, हातात नवा कोरा पट्टा.

"आम्हाला आनंद झालाय, मार्गो. खरंच."

"मला दिसतंय."

"पण तीनशे लोक त्याच्यासाठी रांगेत आहेत, हो ना? आता तर त्याला कुणीही नेईल. आम्ही तयारी केली होती ती ज्याला कुणी नेणार नाही अशा कुत्र्यासाठी." तिनं नाक पुसलं. "त्याला आता आमची काय गरज?"

तिचं म्हणणं सरळ होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, त्याचाच राग येत होता.

"तुमच्याकडे असं दुसरं कुणी आहे का?" प्रेस्टननं हळूच विचारलं. "म्हणजे, ज्याला खरंच…"

होतं. तेरा वर्षांचं, दोन्ही डोळ्यांनी आंधळं, कुरळ्या केसांचं कुत्रं, मालकीण वृद्धाश्रमात गेली म्हणून आमच्याकडे आलेलं. दोन वर्षांत त्याची कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती. व्हिटलॉक त्याच दुपारी त्याला घेऊन गेले. ते आजही तिथे राजासारखं राहतं आणि तिन्ही उतारांवरून वास घेत खालीवर करतं. म्हणून म्हटलं, त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही.

सोमवारी मी उरलेल्या आठांना फोन लावले.

"तो चालायला लागलाय? अरे वा! अभिनंदन!" सगळे म्हणाले. मग त्यांच्या अडचणी निघाल्या. एकाची बदली होत होती. एकीला ॲलर्जी निघाली. एकानं विचारलं, "हा फरक कायमचा आहे का?" मी म्हटलं, "आम्हाला तशी आशा आहे." तो म्हणाला, "अच्छा," आणि त्या 'अच्छा'त किती निराशा होती ते मी सांगू शकत नाही. मग एक्केचाळीसांपैकी उरलेले. मग तीनशे बारांपैकी जे फोन उचलतील ते. एका बाईनं मला फैलावर घेतलं: "मी त्याच्या चाकांचा फोटो ऑफिसमध्ये लावलाय. तुम्ही लोकांच्या भावनांशी खेळता!"

लॉरेटानं चालण्याचा व्हिडिओ टाकला. अकरा हजार लोकांनी पाहिला. खाली कुणीतरी विचारलं होतं, "हा कोण कुत्रा?"

मग तो आमच्या नेहमीच्या यादीत गेला. तपकिरी, मध्यम, वय अंदाजे पाच, मांजर चालत नाही, टपालाची गाडी चालत नाही, मागचा डावा पाय ओढतो. एप्रिल-मेमध्ये दर शनिवारी आर्डिथ त्याला दाखवायला शेल्टरवर आणायची. माणसं यायची, पिंजऱ्यांसमोरून फिरायची. "हा लंगडतो का?" विचारायची. मी हो म्हटलं की पुढच्या पिंजऱ्याकडे जायची. पांगळा होता तेव्हा चाळीस लाखांना हवा होता. आता धडधाकट म्हणावा इतका धड नव्हता आणि दया यावी इतका मोडका नव्हता.

मी एकदा आर्डिथला म्हणाले, "तूच ठेव ना. तुझ्या पलंगावर झोपतो तो."

"झोपतो. राहत नाही."

"काय फरक आहे?"

"तुला माहितीये काय फरक आहे." ती बटाटे सोलत होती, तिनं मान वर केली नाही. "मी आधीचा ठेवला असता तर ऑक्टोबरात हा कुठे गेला असता? कुणीतरी अठ्ठाविसावा येणार आहे, मार्गो. त्याला माझं घर लागणार."

तो जुलैत आला. कुणीतरी भट्टीसारख्या तापलेल्या बंद गाडीत सोडून दिलेली कुत्री, पंजे भाजलेले. आर्डिथनं गॅस्केटला शेल्टरवर आणलं, पिंजऱ्यात त्याची गोधडी अंथरली, पाण्याचं भांडं उजव्या हाताला ठेवलं, कारण डावीकडे वळताना तो अजून पडायचा. निघताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिची गाडी दारात. पाय पंधरा वेळा फिरवले आणि गेली. तिसऱ्या दिवशीही. रोज सहा मैल यायचे आणि सहा जायचे. डॉक्टरांच्या कागदात हे नव्हतं, आणि मी तिला तसं म्हणून पाहिलंही नाही.

ऑगस्टात, फारच उकडत होतं त्या दिवशी, व्हर्जिल टॅकेट नावाचा माणूस आला. साठीचा, टोपी तेलकट, हात त्याहून. टोपी न काढता माझ्यासमोर बसला.

"मला कुत्रा हवाय, बाई."

"कसा हवाय?"

"उडी न मारणारा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"माझ्या अंगणाला दोन फुटी कुंपण आहे. आईनं बदकांसाठी बांधलेलं. ते मी काढणार नाही आणि वाढवणारही नाही. त्याच्यावर तिच्या वेली आहेत. आधी दोन कुत्रे आणले. पहिला दुपारी उडी मारून गेला, दुसरा त्याच्याही आधी. दुसरा तर माझ्याकडे बघत बघत गेला."

मी हसू दाबलं. "एक आहे आमच्याकडे."

पिंजऱ्यासमोर तो उकिडवा बसला. गॅस्केट उठला, जरासा कलला, सावरला, आणि त्याच्या खिशाजवळ नाक नेलं. खिशात वाळवलेलं मांस होतं.

"ह्याच्या पायाला काय झालं?"

"ट्रकनं उडवलं होतं. कमरेखालून गेलाच होता. तुम्ही पाहिला नाहीत का व्हिडिओ?"

"कसला?"

"ह्याचा. चाळीस लाख लोकांनी पाहिला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू उन्हाचा मलाच त्रास झाला असावा. "व्हिडिओ कशाला बघायचा, बाई? कुत्रा समोर उभा आहे की."

आमच्या नियमात कुंपण चार फुटी लागतं. अर्जात त्या रकान्यासमोर मी 'पुरेसं' असं लिहिलं. तीस वर्षं लायब्ररीत मी कुणाला एक दिवसाची सूट दिली नव्हती.

तेवढ्यात आर्डिथ आली. आठची वेळ चुकून दुपार झाली होती. मी दोघांची ओळख करून दिली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पर्समधून तो कागद काढला. घड्या पडून कपड्यासारखा मऊ झाला होता. एकेक ओळ बोटानं दाखवत तिनं समजावून सांगितलं. व्हर्जिलनं सगळं ऐकून घेतलं. कागदाची घडी घालून टोपीच्या आत ठेवली.

"खातो काय हा?"

"सगळं," आर्डिथ म्हणाली. "म्हणून सगळं द्यायचं नाही."

"नाव?"

"गॅस्केट."

व्हर्जिलनं तोंड वाकडं केलं. "चाळीस वर्षं मी ट्रॅक्टर दुरुस्त केलेत, बाई. फुटके गॅस्केट बदलून बदलून कंबर गेली माझी. घरात आणखी एक नको. फ्रँक म्हणेन."

आर्डिथचा चेहरा पडला. मी तिच्या दंडाला हात लावला. "नावाला ओ देतो तो," ती म्हणाली, "गॅस्केट म्हटल्यावर येतो."

"फ्रँक," व्हर्जिल म्हणाला आणि दाराकडे चालायला लागला.

कुत्रा त्याच्यामागून गेला. एकदाही थबकला नाही. मांसाच्या तुकड्यामुळे गेला, हे मी आर्डिथला नंतर तीनदा सांगितलं. लॉरेटा फिरोजी कोट नसतानाही धावत फोटो काढायला आली, पण व्हर्जिल ट्रकच्या पायरीवर कुत्र्याला मागून उचलत होता, त्यामुळे फोटोत त्याची पाठ आणि कुत्र्याचं शेपूट एवढंच आलं. चौसष्ट लोकांना तो आवडला.

आमच्याकडे महिन्याभरानं घरी जाऊन बघायची पद्धत आहे. मी सप्टेंबरात गेले. दोन फुटी कुंपण खरंच होतं आणि त्यावर जांभळ्या फुलांची वेल होती. फ्रँक ट्रकच्या सावलीत झोपला होता. माझ्या पायांच्या आवाजानं त्यानं एक डोळा उघडला, मी कोण ते ओळखलं, आणि परत मिटला. त्यात तुसडेपणा नव्हता. फक्त उठण्यासारखं काही घडलेलं नव्हतं.

"उठवू का?" व्हर्जिलनं विचारलं.

"नको."

त्यानं मला थंड चहा दिला आणि ओट्यावर बसून टोमॅटोबद्दल अर्धा तास बोलला. कुत्र्याबद्दल बोललाच नाही. मधेच कुत्रा उठला, डोलत कुंपणापर्यंत गेला, पलीकडे एक ससा बसला होता त्याच्याकडे पाहत राहिला, मग परत आला आणि व्हर्जिलच्या बुटावर हनुवटी टेकवून पडला. व्हर्जिलनं बूट हलवला नाही. पाय आखडला असावा, कारण मी निघाले तरी तो उठला नाही, बसूनच हात केला.

घरी येऊन मी आर्डिथला फोन केला. मागे ती भाजलेल्या पंज्यांची कुत्री कुईकुई करत होती.

"वजन?" आर्डिथनं विचारलं.

"बरं आहे. थोडा सुटलाय."

"मला वाटलंच. ओट्याच्या पायऱ्या चढतो?"

"एक चढतो. मग थांबतो, आणि व्हर्जिल मागून ढकलतो."

तिनं कुत्रीला गप्प केलं.

"डावीकडून ढकलायला सांग त्याला," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.